कर्नल सायक्स व नाणेघाटचा शिलालेख

ईजिप्त देशांतील प्राचीन थडगीं परदेशीय संशोधकांनीं उकरून जगापुढें मांडलीं, ही हकीकत पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु तशाच तोलाची एक गोष्ट आपल्या दाराशींहि घडून गेली आहे. अवसरी बुद्रुकहून मंचर, नारायणगांव, जुन्नर असें जात सह्याद्रीच्या कड्यापर्यंत गेलें म्हणजे नाणेघाट लागतो. तेथील शिलालेखाकडे विद्वानांचें लक्ष ज्यांनीं प्रथम वेधलें, त्यांचें हें अल्पचरित्र.

विल्यम हेन्री सायक्स यांचा जन्म इ. स. १७९० मध्यें इंग्लंडांत झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेंत दाखल झाले आणि १८१७ सालीं खडकीच्या रणांगणावर पेशव्यांच्या सैन्याशीं लढले. पुढें १८२४ मध्यें दख्खनची सांख्यिक पाहणी करण्याचें काम त्यांजकडे आलें. जमीन, पीक, पाऊसपाणी, माणसें, पशुपक्षी या सर्वांची नोंद करीत ते गांवोगांव हिंडले. दख्खनचा एक चंडोल पक्षी आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

१८२८ च्या उन्हाळ्यांत ते नाणेघाटांतील गुहेंत शिरले. दोन्ही भिंतींवर अक्षरें कोरलेलीं होतीं. पण वाऱ्यापावसानें व माणसांच्या हातांनीं तीं झिजत चाललीं होतीं, आणि वाचणारा तर कोणीच उरला नव्हता. सायक्स यांसहि त्यांतील एक अक्षर कळेना. तरीहि तेथें पुनःपुन्हां जाऊन त्यांनीं तीं अक्षरें पाहून पाहून कागदावर उतरून घेतलीं. कोणतें चिन्ह कितीदां येतें हें मोजून त्यांनीं भाषा संस्कृत असावी असा तर्क केला, आणि १८३७ मध्यें आपला लेख प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपीचें कोडें सोडविलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी व डॉक्टर ब्यूलर यांच्या परिश्रमानें नाणेघाटच्या भिंती बोलूं लागल्या. सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या कुळानें केलेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणीं यांचा वृत्तांत प्रकट झाला. त्यांतील अंकचिन्हें भारतांतील अतिप्राचीन अंकांत गणलीं जातात.

सायक्स यांचे सर्वच तर्क खरे ठरले नाहींत. लेणें त्यांस बौद्धांचें वाटलें, तें तसें नव्हतें; भाषाहि मुख्यतः प्राकृत निघाली. मात्र भिंतींलगतचीं दगडी आसनें पाहून ही वाटसरूंची विश्रांतीची जागा असावी, हें त्यांनीं बरोबर ओळखलें.

१८३१ मध्यें ते स्वदेशीं परतले. लंडनच्या संख्याशास्त्रमंडळाच्या संस्थापकांत ते होते. पार्लमेंटचे सभासदहि झाले. १८७२ मध्यें त्यांचें निधन झालें.

राज्यकर्त्यांच्या चाकरीसाठीं ते या डोंगरांत आले, हें खरें. परंतु जें आपणांस वाचतां येत नाहीं, तेंहि पुढें कोणास तरी वाचतां येईल अशा भरंवशानें त्यांनीं जपून उतरून घेतलें. ज्या भिंतींवरून आपले पूर्वज शतकानुशतकें पाठ टेकून उठून गेले, त्या भिंतींकडे आपण तरी डोळे उघडे ठेवून पाहूं या.