डडली ॲलन सार्जंट

डॉ. डडली ॲलन सार्जंट (जन्म : बेलफास्ट, मेन, अमेरिका, २८ सप्टेंबर १८४९, मृत्यू : पीटरबरो, न्यू हॅम्पशायर, २१ जुलै १९२४) हे अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या हेमनवे व्यायामशाळेचे ते चाळीस वर्षे संचालक होते. व्यायामापूर्वी शरीराची तपासणी व मोजमाप करून प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे व्यायाम नेमून देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, त्यांनी स्थापन केलेली शाळा आज बॉस्टन विद्यापीठाचे एक महाविद्यालय आहे. व्यायाम हा पदवीच्या योग्यतेचा विषय आहे काय, हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. मात्र आजच्या व्यायामशास्त्र व क्रीडाशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमांतील अनेक विषयांची बीजे त्यांच्या कार्यात सापडतात.

== बालपण ==

सार्जंट यांचा जन्म मेन राज्यातील बेलफास्ट या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. डडली लहान असतानाच वडिलांचे निधन झाले आणि घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लवकर खंडित झाले व कोवळ्या वयातच अंगमेहनतीची मिळतील ती कामे करावी लागली. लाकूड तोडणे, ओझी उचलणे, वल्ही मारणे अशा श्रमांनी शरीर कसे घडते, याचा अनुभव त्यांना पुस्तकांच्या आधी आला. पुढे त्यांनी तयार केलेल्या व्यायामपद्धतीत या श्रमांच्या हालचालींना महत्त्वाचे स्थान मिळाले.

त्या काळात अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सची लाट आली होती. बेलफास्टमधील मुलांनीही साध्या साधनांवर कसरती सुरू केल्या. सार्जंट त्यांत इतके निपुण झाले की काही काळ त्यांनी सर्कशीत कसरतपटू म्हणून काम केले. मात्र या जीवनात त्यांचे मन रमले नाही. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून केलेली कसरत आणि सर्वसामान्य माणसाचे आरोग्य सुधारणारा व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची धारणा झाली.

== शिक्षण ==

१८६९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सार्जंट यांची ब्रन्सविक येथील बोडन महाविद्यालयाच्या व्यायामशाळेचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथील विद्यार्थी आपल्यापेक्षा अधिक शिकलेले असून आपण त्यांना केवळ कसरती दाखवतो, ही उणीव त्यांना जाणवत असे. नोकरी सांभाळून त्यांनी प्रवेशपरीक्षेची तयारी केली, १८७१ मध्ये त्याच महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला आणि १८७५ मध्ये पदवी मिळवली. या काळात ते एकाच वेळी शिक्षकही होते आणि विद्यार्थीही.

शरीराला व्यायाम द्यायचा तर शरीराची रचना व कार्य यांचे ज्ञान हवे, या विचाराने त्यांनी येल विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८७८ मध्ये डॉक्टरची पदवी मिळवली. तथापि त्यांनी दवाखाना थाटला नाही. न्यूयॉर्कमध्ये स्वतःची व्यायामसंस्था काढून त्यांनी आपल्या कल्पना प्रत्यक्षात आणण्यास प्रारंभ केला.

== हार्वर्डमधील कार्य ==

ऑगस्टस हेमनवे यांच्या देणगीतून हार्वर्डमध्ये नवी व्यायामशाळा उभी राहत होती. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांच्या कारकिर्दीत १८७९ साली सार्जंट यांना तिचे संचालक व शारीरिक प्रशिक्षणाचे सहायक प्राध्यापक नेमण्यात आले.

त्या काळच्या व्यायामशाळांतील जड साधने मुळातच बळकट असलेल्या तरुणांच्या उपयोगाची होती. अशक्त विद्यार्थी तिकडे फिरकत नसे; म्हणजे ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज तोच त्यापासून दूर राही. यावर उपाय म्हणून सार्जंट यांनी कप्पी, दोर आणि कमी-जास्त करता येणारी वजने यांवर चालणारी अनेक यंत्रे तयार केली. एकेका स्नायुसमूहासाठी स्वतंत्र यंत्र असे व वापरणाऱ्याच्या शक्तीप्रमाणे त्यावरील भार ठरवता येई. आजच्या जिममधील वजनांच्या यंत्रांमागे हेच तत्त्व आहे.

यंत्रांपेक्षाही महत्त्वाची होती ती तपासणी. व्यायामशाळेत येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी त्याच्या व कुटुंबाच्या आरोग्याविषयी प्रश्न विचारले जात. हृदय व फुप्फुसे तपासली जात. उंची, वजन, छाती, दंड, मांडी आदी मापे घेतली जात. श्वसनक्षमता आणि हात, पाठ व पाय यांची शक्ती उपकरणांनी मोजली जाई. या नोंदींवरून त्याला कोणता व्यायाम आवश्यक आहे ते लिहून दिले जाई आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजमाप करून प्रगती पाहिली जाई. विद्यार्थ्यांची पद्धतशीर मापे घेण्याची प्रथा ॲमहर्स्ट महाविद्यालयात एडवर्ड हिचकॉक यांनी १८६१ पासून सुरू केली होती. सार्जंट यांनी तिला शक्तिमापनाची आणि व्यक्तिगत व्यायामयोजनेची जोड दिली. त्यांनी बसवलेली शक्तिचाचणी पुढे अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली आणि तिच्या गुणांवरून महाविद्यालयांमध्ये स्पर्धाही होऊ लागल्या.

सार्जंट स्पर्धात्मक खेळांच्या विरोधात नव्हते. पण मूठभर खेळाडू मैदानात आणि बाकीचे सारे प्रेक्षकांत, ही स्थिती त्यांना मान्य नव्हती. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या क्रीडा समितीचे ते सदस्य होते. धंदेवाईक प्रशिक्षकांचा वाढता प्रभाव आणि फुटबॉलमधील हिंसकपणा यांना आळा घालण्याच्या प्रयत्नांमुळे विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांची नाराजी त्यांना सहन करावी लागली.

१८८९ नंतर त्यांचे सहायक प्राध्यापकपद पुढे चालू राहिले नाही. व्यायामशाळेचे संचालकपद मात्र १९१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे होते. ज्या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच विषयाचे अध्यापक म्हणून स्वतः सार्जंट यांना हार्वर्डमध्ये अखेरची तीस वर्षे प्राध्यापकपद नव्हते.

== स्त्रियांचे शारीरिक शिक्षण ==

हार्वर्डची व्यायामशाळा पुरुषांसाठी होती. विद्यापीठालगत स्त्रियांना शिकवणारी जी संस्था पुढे रॅडक्लिफ महाविद्यालय म्हणून ओळखली गेली, तिच्या विद्यार्थिनींसाठी सार्जंट यांनी १८८१ मध्ये केंब्रिज येथे वेगळी व्यायामशाळा सुरू केली. व्यायाम शिकवू शकणाऱ्या स्त्रियांची मागणी वाढू लागताच तेथे शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि त्यातूनच सार्जंट यांची शाळा उभी राहिली. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, आरोग्यशास्त्र, मोजमाप आणि प्रत्यक्ष व्यायाम असे विषय तेथे शिकवले जात. शाळेचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वाढत तीन वर्षांचा झाला.

अधिक अभ्यास स्त्रियांच्या प्रकृतीला अपायकारक असतो, असे मत त्या काळी काही डॉक्टरही मांडत होते. अशा वेळी योग्य व्यायामाने स्त्रीचे शरीर सुदृढ होते, हे या शाळेने प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखवले. स्त्रियांच्या स्पर्धात्मक खेळांविषयी मात्र सार्जंट यांची भूमिका सावध होती. १९१२ मध्ये एका लोकप्रिय महिला मासिकात लिहिलेल्या लेखात खेळांमुळे मुली पुरुषी होतात काय, या प्रश्नाचा विचार करताना त्यांनी स्त्रियांची खेळण्याची क्षमता मान्य केली. पण पुरुषांचे खेळ नियमांत बदल करूनच खेळावेत, असा सल्ला दिला. आजच्या वाचकाला हे मत जुने वाटेल.

१८८७ मध्ये त्यांनी हार्वर्डमध्ये शारीरिक शिक्षणाचे उन्हाळी वर्ग सुरू केले. त्यांत स्त्रिया व पुरुष या दोघांनाही प्रवेश होता. देशभरातील शाळा-महाविद्यालयांचे शिक्षक सुट्टीत येथे शिकून जात. हे वर्ग सार्जंट यांच्या मृत्यूनंतरही, १९३२ पर्यंत, चालू होते.

== पदवीचा प्रश्न ==

१८८५ मध्ये विल्यम अँडरसन यांनी ब्रुकलिन येथे बोलावलेल्या बैठकीतून अमेरिकेतील शारीरिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सार्जंट तिच्या आरंभापासून सक्रिय होते व पुढे तिचे अध्यक्षही झाले. व्यायामशिक्षकाने काय शिकलेले असावे, हा त्या पिढीपुढील मुख्य प्रश्न होता. काही आठवड्यांच्या तालमीत शिक्षक तयार होत असतील, तर त्याला इतर विषयांच्या अध्यापकांच्या बरोबरीचे स्थान मिळणे अशक्य होते.

१८९१ मध्ये हार्वर्डच्या लॉरेन्स विज्ञान विद्यालयात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व शारीरिक प्रशिक्षण या विषयांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. जॉर्ज वेल्स फिट्झ होते. व्यायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यावर फिट्झ यांचा भर होता, तर व्यायामाच्या शिक्षणाची बाजू सार्जंट यांच्या व्यायामशाळेत सांभाळली जाई. व्यायामशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचे हे आद्य रूप मानले जाते. मात्र त्यातून मोजकेच विद्यार्थी पदवीधर झाले. १८९९ मध्ये फिट्झ हार्वर्ड सोडून गेले आणि लवकरच तो विभाग बंद झाला.

एका विद्यापीठात दार बंद झाले तरी सार्जंट यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम इतरत्र नेले. त्यांच्याकडे शिकलेल्या डेल्फिन हॅना यांनी १८८५ पासून ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा पाया घातला. १९०३ मध्ये त्या तेथे या विषयाच्या पूर्ण प्राध्यापक झाल्या. जो मान गुरूला मिळाला नव्हता, तो शिष्येला मिळाला. सार्जंट यांच्याकडे काही काळ शिकलेले ल्यूथर गुलिक पुढे स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात अध्यापक झाले. त्यांच्याच सूचनेवरून जेम्स नाइस्मिथ यांनी तेथे १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ तयार केला. स्प्रिंगफील्डच्या याच संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची संस्था स्थापन केली. भारतातील शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात या संस्थेचे स्थान मोठे आहे.

== सार्जंट उडी ==

निवृत्तीनंतर, १९२१ मध्ये, सार्जंट यांनी शारीरिक क्षमतेच्या एका सोप्या चाचणीविषयी लेख प्रसिद्ध केला. जागेवर उभे राहून, धावत न येता, माणूस किती उंच उडी मारू शकतो, एवढेच तीत पाहायचे असते. पूर्वीच्या चाचण्यांना महागडी उपकरणे लागत. शिवाय त्या केवळ ताकद मोजत. ती ताकद किती वेगाने वापरता येते, हे त्यांतून कळत नसे. उडी मारताना शरीराचे वजन अल्प वेळात वर फेकावे लागते, त्यामुळे बळ आणि वेग या दोहोंची परीक्षा एकदम होते. पुढे या चाचणीला सार्जंट उडी असे नाव पडले. एक भिंत आणि खडूचा तुकडा असला तरी ती घेता येते. भारतातील शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही चाचणी व मापन या विषयात ती शिकवली जाते.

== मूल्यमापन ==

सार्जंट यांच्या मोजमापांच्या आधारे तयार केलेले नमुनेदार अमेरिकन तरुण व तरुणी यांचे पुतळे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले होते. त्यांची बरीच मापे सुस्थितीतील, प्रामुख्याने श्वेतवर्णीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची होती. त्यामुळे त्यांवरून साऱ्या समाजाचा किंवा आदर्श शरीराचा नमुना ठरवणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नव्हते.

तपासणीवर आधारलेला सल्लाही प्रत्येक वेळी अचूक ठरला नाही. थिओडोर रूझवेल्ट हार्वर्डमध्ये शिकत असताना सार्जंट यांनी त्यांना हृदय दुबळे असल्याचे सांगून दगदग टाळण्याचा सल्ला दिला होता, असे रूझवेल्ट यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. रूझवेल्ट यांनी तो मानला नाही. ते अत्यंत कष्टाचे व साहसाचे जीवन जगले आणि १९०१ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. असे असले तरी व्यायाम सांगण्यापूर्वी माणूस तपासावा, हे सार्जंट यांचे मूळ तत्त्व आजही प्रमाण मानले जाते.

== ग्रंथलेखन, मृत्यू व वारसा ==

आरोग्य, बळ व शक्ती या विषयावरील त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये आणि शारीरिक शिक्षणावरील पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे आत्मचरित्र मरणोत्तर, १९२७ मध्ये प्रकाशित झाले. त्याचे संपादन त्यांचे पुत्र लेडयार्ड सार्जंट यांनी केले.

२१ जुलै १९२४ रोजी सार्जंट यांचे निधन झाले. १९२९ मध्ये त्यांची शाळा लेडयार्ड यांनी बॉस्टन विद्यापीठाच्या स्वाधीन केली आणि तेथील विद्यार्थिनींना विद्यापीठाच्या पदवीचा मार्ग खुला झाला. काळानुसार या महाविद्यालयात व्यायामचिकित्सा, पुनर्वसन व आरोग्यविज्ञान या शाखा वाढल्या. आजही ते सार्जंट यांच्या नावाने चालते.

शारीरिक शिक्षणाच्या विद्यापीठीय दर्जाविषयीचा वाद त्यांच्यानंतरही शमला नाही. १९६३ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी या विषयाच्या उच्च शिक्षणावर कठोर टीका केली. पुढील वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फ्रँकलिन हेन्री यांनी या विषयाला स्वतःची ज्ञानशाखा असल्याची मांडणी केली. त्यानंतर अनेक विद्यापीठांतील विभागांनी व्यायामशास्त्र, क्रीडाशास्त्र किंवा मानवी हालचालींचे शास्त्र अशी नावे धारण केली. शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यांत्रिकी विश्लेषण, क्षमतामापन आणि व्यक्तीनुरूप व्यायामयोजना हे या विभागांच्या पदवी अभ्यासक्रमांतील प्रमुख विषय आहेत. त्यांपैकी शरीररचना, शरीरक्रिया, मापन व व्यायामयोजना यांचे शिक्षण सार्जंट यांच्या केंब्रिजमधील शाळेत एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते.