बोटांनी ऐकणाऱ्या डॉक्टर

डॉ. हेलन टाउसिग यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत झाला. लहानपणी त्यांना वाचन अतिशय जड जाई. पुढे श्रवणशक्तीही क्षीण झाली. तरीही त्या खचल्या नाहीत. बाळाच्या छातीवर बोटे टेकवून त्या हृदयाची स्पंदने जाणून घेत.

जन्मजात हृदयदोषामुळे फुफ्फुसांना पुरेसे रक्त न मिळाल्यास बाळ निळे पडते. महाधमनी व फुफ्फुसधमनी यांना जोडणारी गर्भावस्थेतील वाहिनी मिटली, की अशा बाळांची प्रकृती ढासळते, हे त्यांनी हेरले. तशीच वाट नव्याने निर्माण करावी, असे त्यांनी सुचविले. १९४४ साली बाल्टिमोर येथे डॉ. ब्लॅलॉक यांनी व्हिव्हियन थॉमस यांच्या साहाय्याने हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसधमनीला जोडली. ती पहिली बालिका काही महिनेच जगली. परंतु पुढे हजारो बालकांना जीवदान लाभले.

१९८६ साली हेलन निवर्तल्या. मुंबईपासून चेन्नईपर्यंत आज निळ्या बाळांवर उपचार होतात, त्यांमागे त्यांची जिद्द उभी आहे.