खरखरीशी झुंजलेला माणूस

पावसाळ्याच्या तोंडावर आकाशात वीज चमकली की मध्यम लहरींवर लावलेल्या रेडिओतून कडाडकन आवाज येतो आणि क्षणभर बातम्या बुडून जातात. एफ.एम.वर असे सहसा होत नाही. हा फरक का पडतो, असे विचारले तर पुष्कळ सुशिक्षित माणसे सांगतात की, एफ.एम. हे नवे तंत्र आहे, म्हणून ते अधिक चांगले. त्याला अशी पुस्तीही जोडली जाते की, आवाज स्वच्छ असला तरी एफ.एम. असल्यामुळेच तो दूरवर पोहोचत नाही. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. एफ.एम.ची मूळ पेटंटे १९३३ सालची आहेत. आणि त्याच्या अपुऱ्या पल्ल्याचे कारण निराळे आहे. ते पुढे येईलच. परंतु आपल्याला पक्के ठाऊक असलेल्या गोष्टी किती सहज चुकीच्या असू शकतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर या तंत्राच्या जनकाचे चरित्र पाहावे. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. त्याचे सारे आयुष्य अशाच पक्क्या समजुतींशी झगडण्यात गेले.

पोरवयातील नाद

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत अधिकारी होते; आई विवाहापूर्वी शिक्षिका होती. बालपणीच्या एका दीर्घ आजारामुळे त्याला शाळा सोडून घरी राहावे लागले. त्या आजाराने एकटे राहण्याची सवय लावली आणि चेहऱ्याला व खांद्याला झटके येण्याची व्याधी जन्मभरासाठी मागे ठेवली. कुटुंब पुढे हडसन नदीकाठच्या यॉंकर्स गावी राहावयास गेले. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकपार बिनतारी संदेश पोहोचविल्याची वार्ता जगभर गाजली होती. त्या भारावलेल्या पिढीतील हा एक मुलगा. माळ्यावरच्या खोलीत तो तारा, वेटोळी आणि बाटल्या घेऊन रात्री जागवी. घराच्या आवारात त्याने सुमारे १२५ फूट उंचीचा एरियलचा खांब उभारला आणि त्यावर तो स्वतःच चढत असे. उंचीचे त्याला भय नव्हते, आणि छापील पुस्तकातील विधानाचेही नव्हते.

त्या काळी ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली तयार केलेला ‘ऑडिऑन’ नावाचा तीन विद्युतअग्रांचा व्हॉल्व्ह उपलब्ध होता. परंतु तो नेमका कसा चालतो हे कोणासच ठाऊक नव्हते, निर्मात्यालाही नव्हते. नळीत उरलेल्या वायूच्या आयनांमुळे ती चालते, अशी डी फॉरेस्टची समजूत होती. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या आर्मस्ट्राँगने ती समजूत बाजूस ठेवली आणि नळीतील विद्युतप्रवाह मोजावयास घेतले. १९१२ साली त्याने नळीतून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग पुन्हा तिच्याच प्रवेशद्वाराशी नेऊन जोडला. कानाला लावलेल्या श्रोतेयंत्रातून जेमतेम ऐकू येणारा संदेश एकाएकी खणखणीत ऐकू येऊ लागला. संकेत आणखी परतविला की तीच नळी स्वतः रेडिओलहरी निर्माण करू लागे. ग्रहण आणि प्रक्षेपण या दोहोंचा पाया एका विद्यार्थ्याने असा एकाच जोडणीतून घातला.

पेटंटसाठी पैसे हवे होते. आधी पदवी घे, असे वडिलांनी बजावले. अखेर ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने आपली आकृती तेवढी साक्षांकित करून ठेवली. पेटंटचा अर्ज ऑक्टोबरात गेला आणि १९१४ साली पेटंट मिळाले. १९१५ मध्ये डी फॉरेस्टने अर्ज केला की, ही जोडणी आपणच १९१२ च्या ऑगस्टमध्ये पाहिली होती. येथून दाव्यांची जी मालिका सुरू झाली ती १९३४ पर्यंत चालली. आरंभीचे निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने लागले, परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. त्या निकालात यंत्रशास्त्राचे आकलन चुकले आहे, असे बहुसंख्य अभियंत्यांचे मत होते. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने या शोधाबद्दल पूर्वी दिलेले सन्मानपदक परत करण्यासाठी आर्मस्ट्राँग १९३४ च्या अधिवेशनात गेला. संस्थेने ते परत घेण्याचे नाकारले आणि त्याचा गौरव पुन्हा एकदा जाहीर केला. कायद्याच्या दप्तरात हरलेला माणूस जाणकारांच्या सभेत असा जिंकला.

घरोघरीचा ऋणानुबंध

पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन दलात पॅरिसला होता. तेथे १९१८ साली त्याने ‘सुपरहेटरोडाइन’ पद्धतीची रचना केली. अतिशय जलद आवर्तनांचे दुबळे संकेत वाढविणे त्या काळच्या व्हॉल्व्हना जमत नसे. आर्मस्ट्राँगने वाट काढली ती अशी : येणाऱ्या लहरीत यंत्रातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळावी आणि दोहोंच्या फरकाएवढी, मंद आवर्तनांची लहर मिळवून ती वाढवावी. केंद्र १००० किलोहर्ट्‌झवर असेल तर यंत्रात १४५५ ची लहर निर्माण होते, फरक ४५५. केंद्र १२०० वर असेल तर १६५५. फरक पुन्हा ४५५. बटण फिरवून कोणतेही केंद्र लावा, आतील मुख्य यंत्रणेला नेहमी एकाच कंप्रतेशी गाठ. फ्रान्समधील ल्युसिएँ लेव्ही आणि जर्मनीतील वाल्टर शॉटकी यांनाही स्वतंत्रपणे अशीच कल्पना सुचली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ती व्यवहारात उतरविण्याचे श्रेय मुख्यतः आर्मस्ट्राँगचे. आपल्या घरांत ज्या रेडिओवर दोन पिढ्यांनी क्रिकेटचे धावते वर्णन आणि नाट्यगीते ऐकली, ते व्हॉल्व्हचे पेटीवजा सेट आणि नंतरचे ट्रान्झिस्टर बहुतांशी याच तत्त्वावर चालत.

या शोधांनी त्याला संपत्ती दिली. १९२२ साली एका पेटंटच्या मोबदल्यात मिळालेल्या समभागांमुळे तो आर.सी.ए. या बलाढ्य रेडिओ कंपनीचा सर्वांत मोठा खासगी भागधारक झाला. कंपनीचा सूत्रधार डेव्हिड सारनॉफ हा त्याचा मित्र होता. सारनॉफच्या चिटणीस मॅरियन मॅकइनिस हिच्याशी त्याने १९२३ साली विवाह केला. येथेच थांबला असता तर त्याचे उरलेले आयुष्य सुखात गेले असते. पण खरखरीचा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

बरोबर गणित, चुकीचा निष्कर्ष

नेहमीच्या पद्धतीत आवाजाच्या चढउताराप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त केली जाते. वीज किंवा यंत्रातील ठिणगी हीही मुख्यतः लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करते. मग ग्राहकयंत्राने गाणे कोणते आणि गोंगाट कोणता हे ओळखावे कसे? उंची कायम ठेवून लहरीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तने, बदलावी ही कल्पना जुनीच होती. परंतु ती निरुपयोगी आहे असा निर्वाळा तज्ज्ञांनी देऊन टाकला होता. त्याचा आधार होता जॉन कार्सन या नामांकित गणितज्ञ अभियंत्याचा १९२२ सालचा निबंध.

कार्सनच्या गणितात चूक नव्हती. एफ.एम.मुळे लहरपट्टा वाचेल, केंद्रे अरुंद जागेत बसविता येतील, अशी काहींची अटकळ होती. ती खोटी आहे हे त्याने सिद्ध केले, आणि ते आजही खरे आहे. घोटाळा झाला तो वाचणाऱ्यांचा. अरुंद पट्ट्यात लाभ नाही, या सिद्धान्ताचे रूपांतर पाहता पाहता एफ.एम.मध्येच लाभ नाही, अशा सूत्रात झाले. पट्टा रुंद केला तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कारण गोंगाट टाळण्यासाठी पट्टा अरुंद हवा, हे सर्वांना पाठ होते.

आर्मस्ट्राँगने तोच प्रश्न विचारला. गोंगाट कंप्रतेलाही थोडा धक्का देतोच. पण मूळ संकेताचे हेलकावे पुरेसे मोठे ठेवले तर तो धक्का त्यांच्यापुढे नगण्य ठरतो, आणि उंचीतील ढवळाढवळ तर ग्राहकयंत्र सरळ छाटून टाकू शकते. अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला या पद्धतीची पेटंटे मिळाली. १९३५ च्या नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत प्रयोग करून दाखविला. यॉंकर्समधील एका हौशी मित्राच्या घरून प्रक्षेपण होत होते. तिकडे पेल्यात पाणी ओतले गेले, कागद फाडला गेला. इकडे सभागृहात ते आवाज जसेच्या तसे ऐकू आले.

आता पल्ल्याचा प्रश्न. एफ.एम.च्या एका केंद्राला सुमारे २०० किलोहर्ट्‌झ रुंदीची जागा लागते. सगळा मध्यम लहरींचा पट्टा सुमारे ५३० पासून १६०० किलोहर्ट्‌झपर्यंतचा. त्यात अशी जेमतेम पाच केंद्रे मावतील. म्हणून एफ.एम.ला फार उच्च कंप्रतेच्या मोकळ्या प्रदेशात जावे लागले. त्या प्रदेशातील लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून सहसा परतत नाहीत. त्या थर भेदून जातात आणि जमिनीवर साधारणपणे क्षितिजापर्यंतच पोहोचतात. पल्ला अपुरा पडतो तो यामुळे. त्याच प्रदेशात जुन्या पद्धतीने प्रक्षेपण केले तरी ते तितक्याच अंतरावर थांबेल. स्वच्छता हा पद्धतीचा गुण आहे. पल्ला हा लहरींच्या कंप्रतेचा धर्म. दोन वेगळ्या कारणांची एकच मोळी बांधली की समजुतीचा घोटाळा होतो.

एकाकी लढा

१९३४-३५ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीवरून आर.सी.ए.च्याच साहाय्याने एफ.एम.च्या चाचण्या झाल्या आणि यशस्वी ठरल्या. परंतु कंपनीचे लक्ष टेलिव्हिजनकडे होते. जुन्या पद्धतीची केंद्रे व सेट यांत तिचे प्रचंड भांडवल गुंतले होते. आर्मस्ट्राँगला तेथून आपली यंत्रे हलविण्यास सांगण्यात आले. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे ४०० फुटांहून उंच मनोरा बांधला आणि स्वतःचे केंद्र चालवून दाखविले. १९४० साली सरकारने एफ.एम.ला ४२ ते ५० मेगाहर्ट्‌झचा पट्टा दिला. आर.सी.ए.ने दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. इतर कंपन्यांप्रमाणे विक्रीवर स्वामित्वशुल्क द्या, असे सांगून त्याने ते नाकारले. युद्धकाळात मात्र आपली पेटंटे त्याने सैन्याला विनामूल्य वापरू दिली.

१९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफ.एम.ला ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हलविले. सौरडागांच्या प्रभावाने खालच्या पट्ट्यात अडथळे येतील, असे भाकीत त्यामागे होते. आर्मस्ट्राँगला ते मान्य नव्हते. निर्णयाचा परिणाम एवढाच झाला की, लोकांनी विकत घेतलेले एफ.एम. सेट कालांतराने निकामी ठरले आणि नव्या उद्योगाला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. टेलिव्हिजनच्या ध्वनीसाठी तर एफ.एम.च वापरले जात होते. १९४८ साली त्याने आर.सी.ए. व तिच्या सहकंपनीवर दावा लावला. जबान्या वर्षानुवर्षे लांबल्या, पेटंटांची मुदत संपत आली, संपत्ती वकिलांच्या शुल्कात विरघळली.

त्याच्या स्वभावालाही दोष द्यावाच लागेल. तडजोड म्हणजे सत्याशी प्रतारणा, असे तो मानी. प्रयोगशाळेत ज्या हट्टाने त्याला तारले त्याच हट्टाने न्यायालयात त्याला बुडविले. १९५३ च्या अखेरीस पैशावरून पतिपत्नीत तीव्र कलह झाला आणि मॅरियन बहिणीकडे निघून गेली. १९५४ च्या जानेवारीअखेरच्या रात्री आर्मस्ट्राँगने आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. मागे पत्नीसाठी क्षमायाचनेची एक चिठ्ठी होती.

मॅरियनने लढा सोडला नाही. त्याच वर्षी आर.सी.ए.शी तडजोड झाली. एकेक कंपनी मागे हटत गेली आणि १९६७ साली शेवटचा दावाही तिने जिंकला. भारतात एफ.एम. प्रक्षेपण मद्रास केंद्रावरून १९७७ मध्ये सुरू झाले, ते पेटंटांनंतर तब्बल ४४ वर्षांनी. आपल्या दूरदर्शनच्या जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणातील ध्वनीही एफ.एम.नेच येत असे. ते ऐकणाऱ्या कोट्यवधींपैकी फार थोड्यांना या माणसाचे नाव ठाऊक होते.

हे चरित्र शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावे. पण विद्वान चुकतात आणि हौशी माणसे बरोबर ठरतात, असा सोपा बोध त्यातून काढू नये. कार्सन चुकला नव्हता, आणि आर्मस्ट्राँगने गणिताला तुच्छ लेखले म्हणूनही तो जिंकला नाही. त्याने मोजले, पुन्हा मोजले आणि सिद्धान्ताची मर्यादा कोठे संपते ते शोधले. आपल्या परीक्षांत सिद्धान्त पाठ असल्याबद्दल गुण मिळतात. तो कोणत्या अटींवर खरा आहे, असे विचारणाऱ्या मुलाला बहुधा खाली बसविले जाते. पट्टा रुंद केला तर काय होईल, असे विचारणारा मुलगा उद्या आपल्याही वर्गात उभा राहील. त्याचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असेल. त्याला उत्तर देता आले नाही तरी चालेल. मोजून पाहा, एवढे सांगण्याचा धीर मात्र आपल्याला हवा.