समजून घ्या : चांदण्यात रंग दिसत नाहीत, मग राजा रवी वर्मा यांनी चांदणं रंगवलं कसं?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबातील मोहर्ली परिसरात मचाणावर बसणाऱ्यांना एक गोष्ट हमखास जाणवते. पाणवठ्यावर आलेल्या प्राण्याचा आकार दिसतो, पण रंग सांगता येत नाही. चांदणी रात्र रंगवणाऱ्या चित्रकारापुढेही हीच अडचण असते. राजा रवी वर्मा यांनी १८८९ मध्ये ‘लेडी इन द मूनलाइट’ हे चित्र काढले. चंद्रप्रकाशात एकटी बसलेली स्त्री, एवढाच त्याचा विषय.

रंग का हरवतात?

डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी अंधूक प्रकाशात जवळपास थांबतात. दंडपेशींना मात्र फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यामुळे लाल रंग काळपट, तर निळा-हिरवा तुलनेने उजळ दिसतो. म्हणूनच चांदणे रंगवताना चित्रकार मोजकेच रंग घेतात, कडा मऊ ठेवतात आणि लख्ख उजेड एक-दोन ठिकाणीच ठेवतात. चित्रातली शांतता आणि एकटेपणा त्यातूनच येतो.

तैलरंग शिकवणार कोण?

उजेडातून अंधारात असे हळूहळू उतरायला तैलरंग सोयीचे. ते सावकाश वाळतात आणि एकमेकांत मिसळता येतात. पण हे तंत्र शिकवायला कोणी तयार नव्हते. किलिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी जन्मलेले रवी वर्मा चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या दरबारात आले. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी त्यांना शिकवण्यास नकार दिला. १८६८ मध्ये आलेल्या थिओडोर जेन्सन यांनी फक्त काम पाहू दिले. बाकी सारे ते चुकत-माकत स्वतःच शिकले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राशी नाते काय?

१८९४ मध्ये त्यांनी घाटकोपरला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचली. व्यवसाय मात्र तोट्यात गेला आणि छापखाना विकावा लागला. निसर्गचित्रात तरबेज असलेले आणि कामात कायम सोबत राहिलेले धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा १९०५ मध्ये गेले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रवी वर्मा यांचेही निधन झाले.

चित्र आज कुठे आहे?

‘लेडी इन द मूनलाइट’ दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जे तंत्र त्यांना कोणी शिकवले नाही, ते त्यात आज कुणालाही पाहता येते.