भाऊसाहेबांची पदरमोड

मैत्रिणींनो, वि. स. खांडेकर म्हटलं की आपल्याला ‘ययाति’ आठवते. मला मात्र त्यांनी दुसऱ्यासाठी काढलेलं एक पुस्तक जास्त मोलाचं वाटतं.

जन्म १८९८ चा, सांगलीचा. दत्तक गेल्यावर गणेशचे विष्णू झाले. १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी, मग कोल्हापूर. तब्येत कायम नाजूक.

१९४२ साली त्यांनी स्वतःच्या खर्चानं ‘विशाखा’ छापली. कवी होते कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, वयानं चौदा वर्षांनी लहान. घर चालवणाऱ्या बाईला विचारा, स्वतःचे पैसे दुसऱ्याच्या कवितांवर घालणं म्हणजे काय ते! वर प्रस्तावनाही स्वतःच लिहिली. आमच्या गोंदियात महिला मंडळाच्या कपाटात ‘विशाखा’ आहे. बायका कविता आवडीनं वाचतात, पण प्रस्तावनेची पानं सरळ उलटून पुढे जातात बघा!

पुढे मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली ‘ययाति’ला मिळालं, तेव्हा भाऊसाहेबांची दृष्टी गेलेली होती. मराठीला दुसरं मिळालं ते १९८७ सालचं, कुसुमाग्रजांना. ते बघायला भाऊसाहेब नव्हते. २ सप्टेंबर १९७६ लाच ते गेले होते.