मार्कोनीचा रेडिओ कोर्टाने खरंच टेस्लाला देऊन टाकला?

शाळेच्या पुस्तकात रेडिओचा शोध मार्कोनीच्या नावावर. व्हॉट्सॲपवर मात्र वेगळंच फिरतं: मार्कोनी चोर होता, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४३ साली रेडिओ त्याच्याकडून काढून टेस्लाला दिला.

गुल्येल्मो मार्कोनी जन्मला २५ एप्रिल १८७४ रोजी, इटलीतल्या बोलोन्यात. घर सुखवस्तू, आई आयर्लंडच्या जेमसन व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पदवी नव्हती. घरीच खटपट करून १८९५ मध्ये पठ्ठ्याने टेकडीपलीकडे सिग्नल पोचवला. पुढच्या वर्षी आईसोबत लंडन गाठलं आणि पेटंटचा अर्ज टाकला. वय फक्त २२!

पण एक मोठी अडचण होती. दोघांनी एकाच वेळी संदेश पाठवला की सगळा काला व्हायचा. कुणाचा मेसेज कुणासाठी, हे कळायचंच नाही. उपाय होता ट्युनिंग, म्हणजे पाठवणारं आणि घेणारं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवायचं. रेडिओचं बटण पिळून स्टेशन लावतात ते हेच. १९०० साली मार्कोनीने यासाठी ब्रिटनमध्ये पेटंट मागितलं. तेच प्रसिद्ध ७७७७ नंबरचं.

अमेरिकेत हाच अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळला गेला, कारण ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन यांचे अर्ज आधीचे होते. तरीही १९०४ मध्ये पेटंट मिळालं. वादाचं मूळ इथे आहे.

तोवर मार्कोनी जगभर गाजला होता. डिसेंबर १९०१ मध्ये त्याने अटलांटिक ओलांडून आलेला संदेश ऐकल्याचं जाहीर केलं. १९०९ मध्ये नोबेल (ब्राउनसोबत वाटून), १९१२ मध्ये टायटॅनिकवरून मदतीची हाक देणारे ऑपरेटर त्याच्याच कंपनीचे. पुढे तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, हे पुस्तकं सहसा गाळतात. आपल्याकडेही त्याची बीम पद्धत आली. १९२७ पासून इंग्लंडला जाणारे बिनतारी संदेश पुण्याजवळच्या खडकीतून सुटायचे आणि तिकडून येणारे दौंडला झेलले जायचे.

आता कोर्टाची गोष्ट. अमेरिकन सरकारने आपली पेटंट न विचारता वापरली, म्हणून मार्कोनीच्या कंपनीने १९१६ मध्ये भरपाईचा दावा ठोकला. टेस्ला या खटल्यात पक्षकारच नव्हता! केस अपिलात सुप्रीम कोर्टात गेली आणि २१ जून १९४३ रोजी निकाल आला. ट्युनिंगच्या पेटंटमधले मुख्य दावे रद्द झाले, कारण तिघांचं काम, विशेषतः स्टोनचं, आधीचं होतं. मार्कोनीच्या पहिल्या पेटंटचा आणि यशस्वी बिनतारी संदेशाच्या श्रेयाचा प्रश्न आपल्यापुढे नाही, हेही कोर्टाने स्पष्ट केलं. रेडिओ कुणाचा, हे ठरवलंच नाही.

मार्कोनी २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये वारला, तेव्हा त्याच्यासाठी रेडिओ स्टेशनं दोन मिनिटं मुकी झाली होती. टेस्ला ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या खोलीत गेला. निकाल यायला अजून पाच महिने होते.