पन्नास मिलिमीटरचा संसार

शीवच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पावसाळा कपाटातसुद्धा शिरतो. परवा कन्येने माझा जुना फिल्मचा कॅमेरा बाहेर काढला, तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी! कॅमेरा ठणठणीत, लेन्स मात्र गेली. आता दुसरी कोणती घ्यायची? ५० मिलिमीटरची एफ १.८, की तिच्याहून महाग आणि जड एफ १.४? की सरळ झूम? तिच्या पहिल्या बोनसचा प्रश्न होता. मला आंरी कार्तिए-ब्रेसाँ आठवला.

१९०८ साली फ्रान्समध्ये, शिवणाच्या दोऱ्याचे कारखाने असलेल्या श्रीमंत घराण्यात तो जन्मला. धंद्यात मन रमेना, म्हणून चित्रकला शिकला. १९३१ मध्ये आफ्रिकेत तापाने मरता मरता वाचला. परतल्यावर मार्सेयमध्ये त्याने लायका कॅमेरा घेतला आणि रस्त्यावरच्या माणसांचे लक्ष जाऊ नये म्हणून त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून टाकले.

लेन्स ५० मिलिमीटरची. अधूनमधून दुसऱ्याही वापरल्या, पण सारा संसार हिच्यावरच. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ती साधारण ४६ अंशांचे दृश्य घेते. वाइड लेन्ससारखे कडेचे चेहरे ताणत नाही, टेलिफोटोसारखे लांबचे ओढून आणत नाही. चेहरा मोठा हवा, तर आपणच चार पावले पुढे जायचे. ब्रेसाँ आयुष्यभर तेच करत राहिला. फ्लॅश नाही, नंतर फोटो कापणे-छाटणेही सहसा नाही.

१९४० मध्ये तो जर्मनांच्या कैदेत सापडला. पळण्याचे दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यांदा, १९४३ मध्ये, निसटला आणि पुरून ठेवलेला लायका उकरून काढला. १९४७ मध्ये मित्रांबरोबर मॅग्नम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो भारतात आला. आपल्या परळच्या गिरणगावातल्या एका ज्योतिषाच्या दुकानाचा फोटो त्याने तेव्हा घेतला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत तो गांधीजींना भेटून, आपली छायाचित्रे दाखवून बाहेर पडला. थोड्याच वेळात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो तसाच मागे धावला. बिर्ला हाउसच्या फाटकावर ती बातमी सांगणाऱ्या नेहरूंचा त्याचा फोटो अंधुक आहे, हललेलाही आहे. जास्त उजेड घेणारी लेन्स असती तर, असे कुणी म्हणेल. मला तो हललेलाच बरा वाटतो.

सत्तरच्या दशकात त्याने कॅमेरा जवळजवळ बाजूला ठेवला आणि पुन्हा पेन्सिल हाती घेतली. २००४ मध्ये तो गेला.

एफ १.४ मधून उजेड दीडपटीहून थोडा अधिक येतो, हे मी कन्येला सांगितले. फोर्टातल्या दुकानात तिने दोन्ही लेन्स ट्यूबलाइटसमोर धरून बुरशी पाहिली, छिद्राच्या पात्यांवर तेल उतरलेय का तेही पाहिले, फोकसची रिंग फिरवून बघितली. एफ १.८ घेतली. उरलेल्या पैशांचे फिल्मचे रोल आणले आणि रविवारी सकाळी एकटीच शीवच्या किल्ल्यावर गेली.